कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? पुन्हा फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

फॉरमॅट मारला, आठ दिवस मशीन छान पळालं, नवव्या दिवशी पुन्हा तेच. माउसचा बाण जागच्या जागी, कीबोर्ड गप्प, पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. विंडोज नव्याने टाकूनही दुखणं परत येत असेल तर ते बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतं, डब्यातल्या सुट्या भागांत असतं. मधले आठ दिवस बरे जातात त्यालाही कारण आहे. नव्या फायली डिस्कच्या वेगळ्या, धड जागेवर लिहिल्या जातात, मागे चालणारे प्रोग्राम कमी असतात, रॅमही पूर्ण भरत नाही. मग हळूहळू सगळं भरत जातं आणि खराब जागेशी पुन्हा गाठ पडते.

पुढचं सगळं विंडोज १० किंवा ११ चालणाऱ्या असेंबल्ड डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपला यातलं निम्मंच लागू पडेल.

बटण दाबण्याआधीची दोन मिनिटं

हँग झालं की हात थेट बटणाकडे जातो आणि पुरावा तिथेच जातो. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा बघा. हा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. कळ दाबल्याचं विंडोजला कळतं, विंडोज उलट निरोप पाठवतं, मग दिवा लागतो. म्हणजे दिवा लागतोय-विझतोय तोवर आतला गाभा जिवंत आहे. बऱ्याच वायरलेस कीबोर्डना हा दिवाच नसतो, त्यामुळे तपासणी संपेपर्यंत वायरवाला साधा कीबोर्ड आधीपासून जोडून ठेवावा.

दिवा लागतो, बाण हलतो, पण क्लिक केलं की काही होत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटलेला: मशीन डिस्कची वाट बघतंय. दोन-तीन मिनिटं थांबा. आपोआप सुटलं आणि मधे मारलेल्या सगळ्या क्लिक धडाधड एकदम लागू झाल्या, तर संशय जवळजवळ पक्का.

दिवा लागतो, गाणंही चालू आहे, पण चित्र थिजलंय किंवा पडदा काळा झालाय: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोज आणि तो भाग यांच्यातला दुभाषी प्रोग्राम) नव्याने सुरू होतो. एक बीप येतो, पडदा क्षणभर लवतो. चित्र परत आलं तर बोट ग्राफिक्सकडे.

दिवा मेलेला, आणि स्पीकरमधून आवाजाचा एकच तुकडा टर्रर्र करत अडकलेला: हा खरा कडक हँग. इथे रॅम, वीज, प्रोसेसर आणि मदरबोर्ड हे चौघे संशयित, अधूनमधून एखादा वाईट ड्रायव्हरही. आणि मशीन न अडकता फट्‌दिशी बंद होत असेल किंवा आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर तो हँगच नव्हे. तेव्हा सरळ वीज आणि गरमीकडे जा.

यातलं काय दिसलं, किती वाजता, तेव्हा काय चालू होतं, हे कागदावर लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. संध्याकाळीच होतंय, की गेम चालू असताना, की नुसतं पडून असताना?

मशीनची स्वतःची डायरी

पुन्हा चालू झाल्यावर स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम निवडा आणि लिहून ठेवलेल्या वेळेच्या आधीची दहा मिनिटं चाळा. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही लाल नोंद हमखास दिसेल आणि तिच्यावर लोक फार वेळ घालवतात. ती मृत्यूच्या दाखल्यासारखी आहे: मशीन नीट बंद न होता गेलं, एवढंच सांगते. कशाने गेलं ते सांगत नाही.

कामाच्या नोंदी तिच्या आधीच्या. डिस्क या नावाखाली ७ किंवा १५३, किंवा डिस्कच्या कंट्रोलरच्या नावाने १२९, म्हणजे डिस्क, तिची केबल किंवा तिचं वीजबचतीचं सेटिंग. डिस्प्ले ४१०१ म्हणजे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही आणि विंडोजला तो पुन्हा उभा करावा लागला. व्हीया-लॉगर (WHEA-Logger) १८ म्हणजे प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरची चूक कळवली आहे. हिला कधीही किरकोळ समजू नये.

४१ च्या आधी काहीच नसेल तरी ती माहितीच आहे. एक तर मशीनला लिहायलासुद्धा वेळ मिळाला नाही, किंवा ज्या डिस्कवर लिहायचं तीच गायब झाली होती.

डिस्क

मशीन पाच-सात वर्षांचं असेल आणि आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर पहिला संशय तिच्यावर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, हा आकडा एकटा काही सिद्ध करत नाही. अपडेट उतरतानाही तो तसाच असतो. त्याच्या शेजारचा सरासरी रिस्पॉन्स टाइम आणि खालचा वाचन-लेखनाचा वेग बघा. धडधाकट हार्ड डिस्क दहा-वीस मिलिसेकंदांत उत्तर देते, कामाचा रेटा असला तर शे-दोनशे. पण ॲक्टिव्ह टाइम १००, वेग शून्यापाशी आणि रिस्पॉन्स तीन-चार हजार मिलिसेकंद, असं एकत्र दिसलं तर डिस्क एखाद्या खराब सेक्टरपाशी (माहितीच्या छोट्या कप्प्यापाशी) अडून तोच पुन्हापुन्हा वाचायला बघतेय. घरगुती डिस्क हा हट्ट बराच वेळ धरतात. कान लावला तर ठराविक अंतराने टक्... टक्... असा आवाजही येतो.

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. वरची रंगीत पाटी बघून थांबू नका, खालच्या तक्त्यातल्या चार ओळी वाचा. ०५ म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने टांगणीला लागलेले, सी६ म्हणजे हाताबाहेर गेलेले. या तिघांपुढचे रॉ आकडे शून्य हवेत. सी५ शून्य नसेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर ती डिस्क गेली असं धरून चाला.

सी७ ची गोष्ट वेगळी. डिस्क आणि बोर्डाच्या दरम्यान माहिती बिघडल्याची ती मोजदाद आहे, म्हणून दोष बहुतेक वेळा डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. असेंबल्ड मशीनमध्ये अनेकदा लाल, चपटी, धातूची चाप नसलेली केबल असते. कॅबिनेटचं झाकण बसवताना ती दबते, टोकाला वाकते, आणि प्लग केसभर तिरका होतो. डोळ्यांना बसलेलाच दिसतो, बोटाने हलवला की डुलतो. चाप असलेली नवी केबल घ्या आणि बोर्डावरचं दुसरं पोर्ट वापरून बघा. सी७ चा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, तो कधीच कमी होत नसतो. आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने बघा. तेवढाच राहिला असेल तर काम झालं.

इथे एक घाई महागात पडते. सी५ किंवा सी६ दिसल्यावर लोक लगेच विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामला सगळे सेक्टर तपासायला लावतात. ती तपासणी तासन्‌तास चालते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढे श्रम पुरतात. आधी फोटो, कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा, मग काय हवं ते करा.

एसएसडीचं, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कचं, दुखणं वेगळ्या तऱ्हेचं. काठोकाठ भरलेली स्वस्त एसएसडी लिहिताना अक्षरशः थांबते. साधारण १५ टक्के जागा रिकामी ठेवा. दर काही मिनिटांनी अर्धा-एक मिनिट अडकून सुटत असेल आणि लॉगमध्ये १२९ दिसत असेल, तर पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा आणि एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून तिचं फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्राम) नवं आहे का तपासा. एसएसडीचा कंट्रोलर मरत असल्याची खूण मात्र ठळक असते: हँगनंतर रीसेट केलं की बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून संदेश येतो, आणि भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभराने चालू केलं की ती पुन्हा दिसते. हे दोनदा झालं की तिच्यावर काहीही ठेवू नका.

आणि ४ जीबी रॅम, फिरती डिस्क आणि क्रोममध्ये वीस टॅब असतील तर बिघाड शोधूच नका. रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर टाकण्यात मशीन गुदमरतंय. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण माणसाने काम करायचं तर ८ लागतात.

रॅम

कडक हँगमध्ये सगळ्यात आधी रॅम बघावी, कारण तपासायला पैसे लागत नाहीत. भिंतीवरचं बटण बंद करा, केबल काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग रॅमला. रॅमच्या काठ्या काढून त्यांच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका, स्लॉटमध्ये ब्लोअर मारा. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राजवळच्या घरांत पावसाळ्यानंतर हा एवढाच इलाज पुष्कळदा पुरतो. दमट खाऱ्या हवेने पट्ट्यांवर पातळ थर बसतो आणि संपर्क कधी होतो, कधी नाही.

बसवताना दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा. दोन्ही बाजूंनी टक्‌ आवाज यायला हवा. काही बोर्डांवर एकाच बाजूला चाप असते आणि गंमत तिथेच होते: चापेकडची बाजू बसते, दुसरी अर्धा मिलिमीटर वर राहते. मशीन चालू होतं, विंडोजही येतं, आणि तासाभराने थिजतं. चार स्लॉट असतील आणि काठ्या दोन, तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा.

मग मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करा. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामवरून मशीन चालू होऊ न देणारं सेटिंग) आडवं आलं तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, ते तात्पुरतं बंद करावं लागेल. ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याआधी रिकव्हरी की हाताशी हवी, नाहीतर नवाच घोर लागेल. चाचणी रात्रभर चालू द्या, किमान चार पास, म्हणजे पूर्ण फेऱ्या. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी वेळ कमी घेते, पण बरंच सोडून देते. ती पास झाली म्हणून रॅमला सोडू नका.

लाल ओळ आली तर बायॉसमध्ये जाऊन आधी एक्सएमपी हे रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग बंद करा. डीडीआर४ ची ३२०० म्हणून विकली जाणारी पुष्कळशी रॅम या सेटिंगशिवाय २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. एक्सएमपी तिला १.२ ऐवजी १.३५ व्होल्टवर पळवतं आणि प्रत्येक बोर्डाला ते झेपतंच असं नाही. बंद केल्यावर चाचणी साफ गेली तर रॅम खराब नाही, फक्त वेग कमी ठेवा. तरी चूक येत असेल तर एकेक काठी त्याच स्लॉटमध्ये लावून बघा. चूक काठीबरोबर फिरते की स्लॉटपाशीच राहते, यावरून रॅम आणि मदरबोर्ड यांचा निवाडा होतो. वेगवेगळ्या कंपनीच्या, वेगवेगळ्या वेगाच्या दोन काठ्या एकत्र नांदत असतील तर तेवढ्यानेही हँग होऊ शकतं. दुकानात ‘चालतं हो’ म्हणून लावून देतात. पुष्कळदा चालतंही, पण नेहमी नाही.

वीज

कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी तेवढे खरोखर मिळतात यावर विश्वास ठेवू नये. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्यावर हँग सुरू झालं असेल तर आधी हाच बदलून बघा.

मल्टिमीटर असेल तर मशीन चालू असताना चार पिनांच्या मोकळ्या प्लगमध्ये मोजा. काळ्या तारेच्या तुलनेत पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. मशीन रिकामं असताना नव्हे, गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालू असताना. आकडा मर्यादेबाहेर गेला तर दोष नक्की. आत राहिला तर मात्र निर्दोष सुटला असं नाही, कारण त्यातले कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारे छोटे भाग) वाळल्यावर व्होल्टेज बारीक थरथरतं आणि साध्या मीटरला ती थरथर दिसत नाही. खरी चाचणी एकच, कोणाचा तरी चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून लावणे. जुना उघडू नका. केबल काढल्यावरही आत जीवघेणी वीज साठलेली असते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग घराच्या अर्थिंगचा प्रश्न आहे. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती वीज अर्थिंगमधून जायला हवी, तिला वाट नाही म्हणून ती पत्र्यावर बसते. याने माणूस सहसा दगावत नाही, पण यूएसबी आणि साउंडमध्ये विचित्र अडचणी येतात, आणि एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर वाचवायला अर्थिंग नसते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरिंग दुरुस्त करावं लागेल.

मशीन घरच्या इनव्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचा किंवा पुढचा स्विच बघा. बऱ्याच इनव्हर्टरना यूपीएस आणि इको असे दोन मोड असतात. इकोवर असताना लाइट गेली की बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि एसएमपीएसचा दम तेवढा पुरत नाही.

गरमी

हँग म्हटलं की सगळे पंख्याकडे बघतात, पण प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच झेपेना तर मशीन बंद पाडतो. थिजणं हे त्याचं मुख्य लक्षण नाही. तरी एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचे आकडे बघून घ्या. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांपाशी वेग आवळतात, एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतले बहुतेक ९० ला, ७००० मालिकेतले ९५ ला. नुसतं ब्राउझर उघडं असताना ८० दिसत असेल तर हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) नीट बसलेला नाही. इंटेलच्या बरोबर येणाऱ्या गोल पंख्याला प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात, त्यातली एखादी बोर्डातून सुटलेली असते. तिरप्या समोरासमोरच्या दोन, मग उरलेल्या दोन, अशा टक्‌ होईपर्यंत दाबायच्या. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भणाणून फिरू देऊ नका.

ड्रायव्हर आणि काही ठरावीक प्रोसेसर

इथवर काही सापडलं नसेल तर आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली टाका, डिस्कची केबल काढा आणि पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून तीन-चार तास व्हिडिओ लावून ठेवा. तरीही हँग झालं तर विंडोज आणि डिस्क दोघंही सुटले, दोष हार्डवेअरमध्ये. नाही झालं तर विंडोजकडे वळा: डीडीयू हा ड्रायव्हर पुसणारा प्रोग्राम वापरून सेफ मोडमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाका, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, फास्ट स्टार्टअप बंद करा. या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो आणि सकाळी तोच उठवला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर जुन्या मशीनवर अटी चुकवून विंडोज ११ चढवलं असेल, तर जुन्या साउंड किंवा वायफायच्या ड्रायव्हरवर दाट संशय घ्या.

इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे आतून झिजतात, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं आणि बायॉसमधून दुरुस्त्या दिल्या. बायॉस ताबडतोब नवा करा, पण झालेली झीज त्याने भरून येत नाही. बॉक्समधून आलेल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा बिल शोधा. रायझनवर काही सेकंदांसाठी चित्र आणि आवाज दोन्ही अडखळत असतील तर तो प्रोसेसरमधल्या टीपीएमचा (सुरक्षेच्या किल्ल्या जपणाऱ्या भागाचा) जुना दोष असू शकतो. २०२२ पासूनच्या बायॉसमध्ये तो दुरुस्त आहे. पहिल्या पिढीचं रायझन, लिनक्स, आणि मशीन नुसतं पडून असतानाच हँग, असा योग असेल तर बायॉसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल शोधून ते टिपिकल करंट आयडलवर ठेवा.

मदरबोर्ड सगळ्यात शेवटी. प्रोसेसरभोवतीचे उभे कपॅसिटर टॉर्चने बघा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी डाग सुटलेला दिसला तर शोध संपला.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते त्याच कागदावर लिहा. तीन दिवसांतून एकदा हँग होणारं मशीन दोन दिवस नीट चाललं म्हणून बरं झालं असं नाही. निदान दहा दिवस जाऊ द्या. तोवर जुनी केबल आणि जुनी रॅम टाकू नका, पिशवीवर तारीख घालून ठेवा.